मॅकडेव्हिडने सूट दिली ती कुणाला?

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार. एडमंटनमधल्या आमच्या ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी एक सहकारी फोनकडे बघत नुसता उभा होता. त्याचा कप केव्हाच भरला होता, मागे दोघं-तिघं खोळंबले होते. मला बघताच त्याने फोन पुढे केला. कॉनर मॅकडेव्हिडने ऑयलर्सशी, म्हणजे गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाशी, आणखी दोन वर्षांचा करार केला होता, वर्षाला सव्वा कोटी अमेरिकी डॉलर. "पोराने आपल्यासाठी पैसे सोडले," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण फार लांबही नव्हतं.

रात्री खडकीहून मावसभावाचा फोन आला. खडकीत हॉकी म्हणजे मैदानातली हॉकी, बर्फावरची नव्हे. त्यामुळे त्याला या खेळातलं फारसं कळत नाही. आकड्यांतलं मात्र सगळं कळतं. "सव्वा कोटी डॉलर म्हणजे वर्षाला एकशे दहा कोटी रुपये झाले की रे. आणि याला तुम्ही लोक त्याग म्हणता?"

एकाला हा त्याग वाटला, दुसऱ्याला चैन. मला दोन्ही पटेना. दोघंही खेळाडूच्या खिशाकडे बघत होते. माझं म्हणणं असं की, या सगळ्या प्रकरणात बघायचं असेल तर टेबलाच्या पलीकडे बसलेल्या व्यवस्थापनाकडे बघावं.

आधी हिशेब. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये पगाराला कमाल मर्यादा आहे. एका संघाने आपल्या सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला किती खर्च करायचा ते लीग ठरवून देते. २०२५-२६ साठी तो आकडा ९ कोटी ५५ लाख डॉलर आहे, पुढच्या मोसमासाठी १० कोटी ४० लाख, त्यापुढच्यासाठी ११ कोटी ३५ लाख. एकट्या खेळाडूला यातला जास्तीत जास्त पाचवा हिस्सा देता येतो. म्हणजे २०२६-२७ पासून लागू होणाऱ्या करारात मॅकडेव्हिडला वर्षाला दोन कोटींच्या आसपास मागता आले असते, आणि जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला कोणी नाही म्हटलं नसतं. जेमतेम आठवडाभर आधी मिनेसोटा वाइल्ड संघाने किरिल काप्रिझोव्हला आठ वर्षांचे १३ कोटी ६० लाख देऊ केले होते, वर्षाला १ कोटी ७० लाख. लीगच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा करार. मॅकडेव्हिडने मात्र जो पगार २०१८ पासून घेतोय तोच पुढे चालू ठेवला. तेव्हा तो मर्यादेच्या जवळपास १६ टक्के होता, नव्या करारात १२ टक्क्यांवर येईल आणि शेवटच्या वर्षी ११ वर. घरभाड्यापासून भाजीपर्यंत सगळं वाढलं आणि पगार तोच राहिला तर आपण त्याला काय म्हणतो ते सांगायला नको.

माझ्या सहकाऱ्याचं गणित याच मर्यादेवर उभं आहे, आणि ते चूक नाही. भांडं एकच, त्यातून एकाने कमी वाढून घेतलं की बाकीच्यांच्या ताटात जास्त पडतं. त्याच दिवसांत ऑयलर्सने बचावफळीतल्या जेक वॉलमनशी सात वर्षांचा करार केला, वर्षाला ७० लाख. मॅकडेव्हिडने पाचवा हिस्सा उचलला असता तर हे पैसे आले कुठून असते? संघ २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ दोनदा अंतिम फेरीत फ्लोरिडाकडून हरलेला. सोबती चांगले हवेत तर सोबत्यांना द्यायला पैसे उरले पाहिजेत. इथवर मला सगळं मान्य आहे.

पण भांड्यात आधीच कमी का होतं?

२०२२ च्या उन्हाळ्यात ऑयलर्सने जॅक कॅम्पबेल या गोलरक्षकाला पाच वर्षांसाठी अडीच कोटी डॉलर दिले. दुसऱ्याच मोसमात नोव्हेंबर उजाडेपर्यंत त्याला खालच्या लीगमध्ये पाठवायची वेळ आली आणि २०२४ मध्ये करार मोडून त्याला मोकळं केलं. मोकळं केलं म्हणजे पैसे मोकळे झाले असं नाही. नियमाप्रमाणे अशा मोडलेल्या कराराची रक्कम उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळ संघाच्या मर्यादेत मोजली जाते. कॅम्पबेल एडमंटनच्या हिशेबात २०२९-३० पर्यंत राहणार आहे. म्हणजे मॅकडेव्हिडचा नवा करार सुरू होऊन संपेल तरी, जो माणूस इथे नाहीच त्याच्या नावाची ओळ पगारपत्रकात असेलच. बचावफळीतल्या डार्नेल नर्सचे आठ वर्षांचे ७ कोटी ४० लाख वेगळेच. त्याच्या खेळाच्या मानाने ते फार झाले असं इथे न्हाव्याच्या दुकानातही ऐकायला मिळतं. नर्सचा त्यात काय दोष? कोणी एवढे देऊ केले तर तो काय नको म्हणेल?

ऑगस्ट २०२४ मध्ये या आवळलेल्या हिशेबाचा खरा चटका बसला. फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे ही संघाने स्वतः घडवलेली दोन तरुण मुलं. सेंट लुईसच्या संघाने एकाच दिवशी दोघांनाही चढे प्रस्ताव दिले. नियमाप्रमाणे एडमंटनला सात दिवस होते: तेवढेच पैसे द्या आणि मुलं ठेवा, नाहीतर बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडण्याचे, हक्क घ्या आणि मुलं सोडा. एडमंटनने मुलं सोडली.

हे करार ज्यांच्या सहीने झाले ते महाव्यवस्थापक २०२४ मध्ये एडमंटनहून गेले आणि आता लॉस एंजेलिसच्या संघात त्याच पदावर आहेत. त्यांच्याबद्दल मला वैयक्तिक काही म्हणायचं नाही; महाव्यवस्थापक चुकतात, सगळेच चुकतात. पण चुकीचं बिल शेवटी कुणी भरलं ते नीट बघा. मॅकडेव्हिडने वर्षाला जे पाऊण कोटीच्या आसपास सोडले त्यातला बराच भाग व्यवस्थापनाने पाडलेल्या खड्ड्यात गेला, आणि त्या खड्ड्यावर आपण "संघभावना" अशी पाटी लावून मोकळे झालो.

मिनेसोटाची गोष्ट याहून मासलेवाईक आहे, म्हणून जरा रेंगाळतो. ४ जुलै २०१२ ला वाइल्ड संघाने झॅक परीझे आणि रायन सूटर या दोघांना एकाच दिवशी प्रत्येकी तेरा वर्षांचे ९ कोटी ८० लाख दिले. गावात फटाके होतेच, राष्ट्रीय सण होता. सप्टेंबरात लीगच्या मालकांनी मिळून टाळेबंदी जाहीर केली. हा शब्द मराठी माणसाला गिरणगावातून ठाऊक आहे. इथेही अर्थ तोच, दारं मालक बंद करतो. आणि मालकांची एक मागणी काय होती? की असे लांबलचक करार बंद झाले पाहिजेत. जुलैत स्वतः वाटले, सप्टेंबरात म्हणाले आमचे हात बांधा. शेवटी कराराची मुदत स्वतःच्या खेळाडूसाठी आठ वर्षं आणि बाहेरच्यासाठी सात अशी बांधली गेली, आणि मोसम ४८ सामन्यांवर आला.

२०२१ मध्ये वाइल्डने परीझे आणि सूटर दोघांचेही करार मोडले. त्याची किंमत म्हणून २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही मोसमांत संघाच्या मर्यादेतले जवळजवळ दीड-दीड कोटी डॉलर, आता संघात नसलेल्या दोन माणसांच्या नावावर अडकून पडले. त्याच वर्षांत काप्रिझोव्ह वर्षाला ९० लाखांवर खेळत होता आणि संघ ओढत होता. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये एकशे पस्तिसाव्या क्रमांकावर उचललेला हा मुलगा. मॅकडेव्हिड त्याच ड्राफ्टमधला पहिला. २०२५ च्या सप्टेंबरात काप्रिझोव्हने आठ वर्षांचे १२ कोटी ८० लाख नाकारल्याची बातमी आली तेव्हा "हावरट" हा शब्द किती जणांनी वापरला असेल! मला तो हिशेबी वाटला. ज्या घरात दोन वर्षं रिकाम्या खोल्यांचं भाडं भरलं गेलं, तिथल्या भाडेकरूने घरमालकाची काळजी का करावी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो चांगला आहे. काप्रिझोव्हचे जादा पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, सोबत्यांच्या हिश्शातून जातात. खरंय. २०१३ पासून लीगच्या उत्पन्नातला निम्मा वाटा खेळाडूंचा, निम्मा मालकांचा, असं ठरलेलं आहे. त्याआधी खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता. एखाद्या ताऱ्याने जास्त घेतले की कमी घेतले, त्याने मालकांचा निम्मा हलत नाही. तो जास्त घेतो तेव्हा चौथ्या फळीतल्या कुणाला तरी कमी मिळतात.

पण मग ही रचना आली कुठून? आभाळातून पडली नाही. २००४-०५ मध्ये मालकांनी अख्खा मोसम टाळेबंदीत घालवला. १६ फेब्रुवारी २००५ ला मोसम रद्द झाल्याचं जाहीर झालं. १९१९ नंतर पहिल्यांदाच स्टॅनले कप, म्हणजे लीगचा विजेतेपदाचा चषक, कुणालाच मिळाला नाही. पुढच्या मोसमात ३ कोटी ९० लाखांची पहिली पगारमर्यादा आली आणि चालू करारांतून सरसकट २४ टक्के कापले गेले. त्या दिवसापासून खेळाडूचा पगार हा खेळाडू विरुद्ध मालक असा प्रश्न राहिला नाही. तो खेळाडू विरुद्ध खेळाडू झाला. मालकांच्या बाजूने याहून चतुर खेळी मला तरी कुठल्या खेळात दिसलेली नाही. गिऱ्हाईक आणि कारागीर भांडतायत, आणि दुकानदार गल्ल्यावर बसून दोघांनाही सबुरीचा सल्ला देतोय. संघाची विक्रीची किंमत, स्टेडियम, भोवतालची जमीन, यांना मर्यादा नाही. आमच्या गावातल्या नव्या स्टेडियममध्ये शहराच्या तिजोरीचा मोठा वाटा आहे, म्हणजे थोडा माझाही. मालकाने सूट दिली म्हणून कॉफीच्या मशीनपाशी कोणी गहिवरल्याचं मी पाहिलेलं नाही.

निष्ठेचा मुद्दा राहिलाच. "आपल्या संघाशी निष्ठा" हे शब्द वाटाघाटीत नेहमी एकाच बाजूने येतात. मुळात संघ "आपला" झाला कसा? मॅकडेव्हिडने एडमंटन निवडलं नव्हतं. २०१५ मध्ये ड्राफ्टची पहिली पाळी ठरवणाऱ्या लॉटरीच्या यंत्रातून चेंडू बाहेर पडले, एडमंटनचा नंबर लागला आणि अठरा वर्षांच्या पोराचं पुढचं दशक ठरलं. सुरुवातीची सात मोसमं किंवा वयाची सत्तावीस वर्षं होईपर्यंत खेळाडूला स्वतःच्या मनाने दुसरीकडे जाता येत नाही. नवा करार पटला नाही आणि दुसऱ्या संघाचा चढा प्रस्तावही आला नाही, तर बहुतेकदा त्याच्या हातात एकच गोष्ट उरते: घरी बसणं.

२०१८ मध्ये टोरांटोच्या विल्यम नीलांडरने तेच केलं. १ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत सही झाली नसती तर वर्ष वाया गेलं असतं. मुदत संपायला मोजकी मिनिटं उरली असताना सहा वर्षांचे साधारण साडेचार कोटी ठरले. टोरांटोतले माझे मित्र, त्यात मराठी मंडळातलेही, तेव्हा त्याच्या नावाने बोटं मोडत होते: सोबती खेळतायत आणि हा स्वीडनमध्ये बसलाय. त्या करारात वर्षाला सत्तर लाखसुद्धा पडले नाहीत आणि त्याने त्या पैशात दोनदा चाळीस-चाळीस गोल केले. पुढच्या करारात संघाने स्वतःहून वर्षाला १ कोटी १५ लाख दिले. ज्याला लोभी म्हटलं तोच स्वस्तात मिळाला होता, हे सहा वर्षांनी कळलं. बोटं मोडणाऱ्यांपैकी कोणी शब्द मागे घेतल्याचं माझ्या कानावर नाही.

आणि संघाची निष्ठा? मिको रांतानेन, पुन्हा २०१५ च्याच ड्राफ्टमधला. कोलोरॅडोसाठी २०२२ चा कप जिंकलेला. नव्या कराराची बोलणी चालू असताना २४ जानेवारी २०२५ ला त्याला कळलं की आपल्याला कॅरोलायनाला पाठवलंय. तिथे त्याने सही केली नाही, सहा आठवड्यांत डॅलसला रवानगी झाली आणि तिथे आठ वर्षांचे ९ कोटी ६० लाख ठरले. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. कॅनडातल्या संघांना वाटाघाटीत हे दुखणं कायमचं आहे, पण तो वेगळा विषय. मे महिन्यात पहिल्याच फेरीत डॅलससमोर कोलोरॅडो आला. सातवा, निर्णायक सामना. डॅलस दोन गोलांनी मागे. तिसऱ्या सत्रात रांतानेनने तीन गोल केले आणि जुन्या संघाला घरी धाडलं. मी तो सामना दिवाणखान्यात उभ्याने पाहिला. माझा दोन्ही संघांशी काडीचा संबंध नाही.

कुणी म्हणेल, हा धंदा आहे, यात भावना आणू नयेत. चालेल की. मग दोन्ही बाजूंनी नकोत. मिच मार्नरने २०२५ च्या मार्चमध्ये टोरांटो सोडून कॅरोलायनाला जायला नकार दिला तेव्हा तो करारातलं एक कलम वापरत होता, बदलीला संमती लागेल असं सांगणारं कलम. त्यावर टोरांटोच्याच व्यवस्थापनाची सही होती. तरी ओरड झाली ती मार्नरवर.

हे सगळं लिहिताना मला बालेवाडी आठवत राहते. जानेवारी २०१०. दिल्लीतला विश्वचषक दीड महिन्यावर आलेला, पुण्यात भारतीय संघाचं शिबिर चाललेलं आणि खेळाडूंनी सांगितलं, थकलेले पैसे मिळेपर्यंत सराव नाही. हॉकी इंडियाने प्रत्येकी पंचवीस हजार रुपये देऊ केले. त्यांनी ते नाकारले. पंचवीस हजार! इथे आकडे कोटी डॉलरचे, तिथे एका जुन्या मोटरसायकलचे, पण ऐकवलं गेलं ते तंतोतंत सारखं: देशापेक्षा पैसा मोठा झाला का? खडकीत आमच्या गल्लीत त्या आठवड्यात दोन तट पडले होते. माझे मामा, जन्मभर कारखान्यात युनियनची वर्गणी भरलेले, तेसुद्धा म्हणाले, "विश्वचषकाच्या तोंडावर असं करायला नको होतं." मी विचारलं, मग कधी करायचं? विश्वचषकानंतर त्यांना विचारणार कोण होतं? काही दिवसांत तडजोड झाली आणि पोरं मैदानात उतरली. खेळाडूंच्या पदरात जे पडलं ते तोंडावर अडून बसले म्हणूनच पडलं.

आणि धनराज पिल्लै तर खडकीचाच. १९९८ मध्ये बँकॉकला बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आणलं, आणि त्यानंतर धनराजसह सात जण संघाबाहेर. अधिकृत कारण विश्रांती. पण सुविधा नाहीत, सामन्याचं मानधन मिळत नाही, असं हे लोक उघड बोलले होते, आणि "विश्रांती" शब्दाचा अर्थ खडकीत शेंबड्या पोरालाही कळला होता. धनराजला कोणी लोभी म्हटलं नाही, कारण त्याला काही मिळालंच नव्हतं. लोभाचा आरोप व्हायलासुद्धा आधी थोडं हातात पडावं लागतं.

मॅकडेव्हिडकडे परत येतो. माझा सहकारी बातमीतला एकच आकडा वाचून हेलावला होता, सव्वा कोटीचा. दुसरा आकडा त्याने सोडून दिला: दोन वर्षं. आठ वर्षं देऊ शकणाऱ्या संघाकडून दोनच वर्षं घेणं ही काही भाबड्या माणसाची खूण नाही. काप्रिझोव्हने पैसे घेतले आणि मुदत दिली, मॅकडेव्हिडने पैसे दिले आणि मुदत ठेवून घेतली. तो व्यवस्थापनाला सांगतोय: हे घ्या, तुमच्या खड्ड्यात भर घालायला पाऊण कोटी. या पैशाचं काय करता ते दोन मोसम बघतो. २०२८ च्या उन्हाळ्यात मी एकतीस वर्षांचा असेन, मर्यादा आजच्यापेक्षा बरीच वर असेल, आणि मी मोकळा असेन. आपल्याकडे विड्याचं पान पुढे करतात तेव्हा सुपारी फुटलेली असते. इथे पान आहे, सुपारी अजून त्याच्याच मुठीत.

मला हा करार आवडला तो यासाठी. त्यात पहिल्यांदाच मुदत व्यवस्थापनावर लागलीय. एरवी दबाव खेळाडूवर असतो: वय वाढतंय, गुडघा दुखतोय, सही कर. आता दर हस्तांतरणाच्या वेळी, दर फसलेल्या कराराच्या वेळी गाव विचारणार, हे बघून तो थांबेल का? प्रश्न योग्य माणसाला विचारला जाईल. चाहत्यांना याची धास्ती वाटते, मला नाही वाटत. जो संघ दहा वर्षांत त्याच्याभोवती कप जिंकणारी फळी उभी करू शकला नाही, त्याला दोन वर्षं कमी पडतायत ही तक्रार मी ऐकून घेणार नाही.

स्टेडियमबाहेर ऑयलर्सच्याच जुन्या ताऱ्याचा, वेन ग्रेट्झ्कीचा, पुतळा आहे, कप डोक्यावर उचललेला. आधी तो जुन्या स्टेडियमपाशी होता, २०१६ मध्ये इकडे आणला. चार कप जिंकून दिल्यावर ९ ऑगस्ट १९८८ ला मालकाने त्याला दीड कोटी डॉलर रोख, दोन खेळाडू आणि ड्राफ्टमधल्या तीन हक्कांच्या बदल्यात लॉस एंजेलिसला देऊन टाकलं. हा व्यवहार सरकारने थांबवावा अशी मागणी तेव्हा कॅनडाच्या संसदेत झाली होती. पुतळा बसवला तो १९८९ च्या ऑगस्टमध्ये, विकल्यावर एका वर्षाने. त्या बुधवारी मोसमाचा पहिला सामना बघायला जाताना सहकारी तिथे थांबला आणि मला फोटो काढायला सांगितला. त्याच्या अंगात ९७ नंबरची नवीकोरी जर्सी होती. मी विचारलं, कितीला पडली? तो म्हणाला, विचारू नकोस, सूट बिट काही नव्हती.